बाबांची चप्पल मागे राहिली आणि त्यांना कळलंच नाही : मज्जारज्जूची घरगुती ओळख, पायरी पायरीने

ठाण्यात तलावपाळीला संध्याकाळी बाबांबरोबर फेरी मारत होते. बोलता बोलता त्यांच्या उजव्या पायातली चप्पल निसटून मागे राहिली आणि ते तसेच आठ-दहा पावलं पुढे गेले. मी म्हटलं "अहो बाबा, चप्पल!" तेव्हा त्यांनी खाली बघितलं, आणि बघितल्यावरच त्यांना कळलं की पाय उघडा आहे. आम्ही दोघंही हसलो. घरी आल्यावर आईला सांगून परत हसलो.

त्यानंतर आठ महिने आम्ही गुडघाच बिघडलाय असं समजून त्याच्या मागे होतो. एक्सरे झाला, कॅल्शियम झालं, महानारायण तेल झालं, नौपाड्यातल्या घरी मालिशवालाही येऊन गेला, आणि एका डॉक्टरांनी तर "आजोबा, एकाहत्तर वय म्हणजे एवढं चालायचंच" म्हणून परत पाठवलं. शेवटी गुडघ्याचे व्यायाम शिकवायला आलेल्या फिजिओ मुलीने सहज त्यांना मूठ उघड-बंद करायला सांगितलं, दहा सेकंद मोजलं आणि म्हणाली, मानेचा एमआरआय करून घ्या. मान? मान तर त्यांची आयुष्यात दुखली नव्हती! पण निघालं तेच, मानेत मज्जारज्जू दबला होता.

तर हा लेख त्या आठ महिन्यांतून आलाय. मी डॉक्टर नाही, पण नंतर बरंच वाचलं, विचारलं, आणि एक गोष्ट पक्की समजली ती म्हणजे मज्जारज्जूचं दुखणं जिथे असतं तिथे दिसत नाही, खाली कुठेतरी दिसतं. ते उलट्या बाजूने वाचायला शिकायचं, एवढंच काम आहे.

पहिली पायरी : मणका वेगळा, मज्जारज्जू वेगळा

आपण सरसकट "मणक्याचा त्रास" म्हणतो तिथेच घोळ सुरू होतो. मणके म्हणजे हाडं. त्या हाडांच्या मधून जो बोगदा जातो त्यात मज्जारज्जू असतो, डॉक्टर लोक त्याला कॉर्ड म्हणतात. जाडीला करंगळीएवढा, लांबी मोठ्या माणसात साधारण ४२ ते ४५ सेंटीमीटर, वजन जेमतेम ३०-३५ ग्रॅम. म्हणजे एका मोठ्या लिंबाएवढं वजन आणि त्याच्यावर मानेखालचं जवळपास सगळं शरीर चालतं. त्याच्याभोवती तीन आवरणं आणि आवरणांमध्ये पाण्यासारखा द्रव, त्यामुळे तो तरंगत, धक्के सोसत राहतो. आडवा कापून बघितला तर आत फुलपाखराच्या आकाराचा करडा भाग, तिथे पेशी असतात, आणि बाहेर पांढरा भाग, त्यात वर-खाली जाणाऱ्या तारा. मेंदूत याच्या बरोबर उलटं असतं, करडं बाहेर आणि पांढरं आत.

त्यातून नसांच्या ३१ जोड्या बाहेर पडतात. मानेत ८, छातीच्या भागात १२, कंबरेत ५, त्याखाली ५ आणि शेपटीच्या टोकाला १. मानेत मणके सातच आहेत पण नसा आठ, कारण पहिली नस पहिल्या मणक्याच्या वरूनच निघते. रिपोर्टमध्ये सी, डी, एल, एस अशी अक्षरं दिसतात ना, ती हीच: मान, पाठ, कंबर आणि माकडहाडाच्या वरचा भाग. (छातीच्या भागाला कुणी डी लिहितं, कुणी टी. घाबरू नका, एकच आहे.)

आता यातली सगळ्यात कामाची गोष्ट. मज्जारज्जू कंबरेच्या शेवटापर्यंत जातच नाही. तो पहिल्या-दुसऱ्या कंबर-मणक्यापाशी, म्हणजे एल-१, एल-२ ला संपतो. आईच्या पोटात असताना सुरुवातीला तो पार खालपर्यंत असतो, पण मग हाडं भराभर वाढतात आणि हा मागे राहतो. त्याच्याखाली बोगद्यात फक्त नसांचा झुपका लोंबत असतो, अगदी घोड्याच्या शेपटीसारखा, आणि त्याचं शास्त्रीय नाव पण तेच आहे, कॉडा इक्विना. म्हणून एल-४ एल-५ ची जी स्लिप डिस्क (दोन मणक्यांमधली गादी, म्हणजे डिस्क, सरकणं) प्रत्येक सोसायटीत दोघा-तिघांना तरी असते ती कॉर्डला धक्काच लावू शकत नाही, तिथे कॉर्ड नाहीच, ती नस दाबते. आणि सिझेरियनच्या वेळी "मणक्यात इंजेक्शन" देतात ते पण कॉर्ड संपल्यावर, खालच्या मोकळ्या जागेत देतात. माझ्या सासूबाई अजून मानायला तयार नाहीत, ते सोडा.

दुसरी पायरी : सेंट्रल लाइन डोळ्यासमोर आणा

मला हे तेव्हा समजलं जेव्हा मी त्याला मुंबईच्या लोकलमध्ये बसवलं. सीएसएमटी, जिथून गाड्या सुटतात ते स्टेशन, म्हणजे मेंदू, तिथून निघालेली लाइन म्हणजे मज्जारज्जू. डाउनला, म्हणजे सीएसएमटीहून बाहेर, हुकूम जातात: हात उचल, पाय टाक. अपला, म्हणजे परत सीएसएमटीकडे, खबरा येतात: चटका बसला, चप्पल निसटली, लघवीला लागली. आता ठाण्याला ओव्हरहेड वायर तुटली तर मुलुंडपर्यंत गाड्या ठीक चालतात पण कळवा, मुंब्रा, डोंबिवली, थेट कसाऱ्यापर्यंतचा माणूस अडकतो. कॉर्डचं असंच आहे. छातीच्या मध्यावर दाबला गेला तर हात मस्त चालतात आणि त्याखालचं सगळं जातं, मानेत दाबला गेला तर हात-पाय दोन्ही.

आणि नस दबणं म्हणजे काय, तर ठाणे-वाशी फाटा बंद पडणं. ऐरोली, रबाळे, घणसोलीवाल्यांचे हाल होतील पण मेन लाइन चालू. स्लिप डिस्कमध्ये म्हणून एकाच पायात, एका ठरावीक पट्ट्यात कळ उतरते. कॉर्ड दबला की मात्र दोन्ही पाय जड होतात, आणि गंमत म्हणजे बऱ्याचदा दुखत अजिबात नाही. सगळे फसतात ते इथेच. दुखत नाही म्हणजे गंभीर नाही असं आपण धरून चालतो.

अपच्या लाइनीसुद्धा एकच नाही, दोन आहेत. एक वेदना आणि गरम-गारची, दुसरी पाय कुठे टेकलाय, अंग कुठल्या स्थितीत आहे याची. पहिली कॉर्डमध्ये शिरल्या शिरल्या पलीकडच्या बाजूला जाते, दुसरी आपल्याच बाजूने सरळ मेंदूच्या तळापर्यंत जाऊन मग बाजू बदलते. म्हणून कॉर्डच्या अर्ध्या भागालाच इजा झाली तर एक पाय लुळा पडतो आणि दुसऱ्या, चांगल्या चालणाऱ्या पायाला चटका कळत नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला खोटंच वाटलं होतं.

बाबांची ती दुसरी लाइन गेलेली होती. पायाला स्पर्श थोडाफार कळत होता पण पाय कुठे आहे, त्यात काय आहे, हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय मेंदूला पत्ताच नाही. नंतर आठवलं की बेसिनवर तोंड धुताना डोळे मिटले की ते हेलकावे खायचे, एका हाताने बेसिन घट्ट धरून ठेवायचे. आम्हाला वाटायचं चक्कर येते. बीपीची गोळी बदलून आणली!

अजून एक. सगळ्याच गोष्टींसाठी सीएसएमटीला विचारावं लागत नाही, काही निर्णय स्टेशन मास्तर तिथल्या तिथे घेतो. गरम तव्याला हात लागला की दुखायच्या आधीच हात मागे येतो ना, तो निर्णय कॉर्डचाच. डॉक्टर गुडघ्याखाली हातोडी मारतात तेही हेच बघायला. नस दबली असेल तर झटका कमी येतो किंवा येतच नाही. कॉर्ड वर कुठे दबला असेल तर खालचा मास्तर बेलगाम होतो, झटका जोरात येतो, पाय कडक राहतात, आणि तळव्यावरून किल्ली ओढली तर अंगठा खाली जायच्या ऐवजी वर जातो. (तान्ह्या बाळाचा वर जातो ते नॉर्मल आहे, उगाच घाबरू नका.)

तिसरी पायरी : स्टेशन ओळखा

शरीरावर नसांचे पट्टे ठरलेले आहेत. अंगठा सी-६, मधलं बोट सी-७, करंगळी सी-८. स्तनाग्राची रेषा डी-४, बेंबी डी-१०. पावलाची वरची बाजू आणि पायाचा अंगठा एल-५, पायाची करंगळी आणि टाच एस-१, आणि बसायची जागा, गुदद्वाराभोवतीचा भाग एस-३ च्या आसपास. श्वासाचा पडदा हलवणारी नस सी-३, ४, ५ मधून येते, म्हणून मानेच्या वरच्या भागातली दुखापत थेट श्वासावर जाते. लघवी-शौचाचा ताबा एस-२ ते एस-४.

कुणी म्हणालं की "बेंबीच्या खाली सगळं बधिर वाटतं, कपडा बांधल्यासारखं", तर कंबरेचा एमआरआय करून उपयोग नाही, गडबड डी-१० ला किंवा त्याच्याही वर आहे. कंबरेचा रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून निश्चिंत झालेले लोक मी बघितलेत, त्यांना कुणी वरचं बघायला सांगितलंच नव्हतं. एक लक्षात ठेवा, बधिरपणाची रेषा जिथे आहे, बिघाड तिथे किंवा त्याच्या वर असतो, खाली कधीच नाही.

चौथी पायरी : पाच मिनिटांची घरची तपासणी

हे निदान नाही, डॉक्टरांकडे जायचं का आणि काय सांगायचं एवढं ठरवायला. मूठ पूर्ण मिटा, पूर्ण उघडा, जमेल तितक्या भराभर, दहा सेकंद. साधारण २० वेळा व्हायला पाहिजे. बाबांचं नऊ वेळा झालं होतं, आणि बोटं उघडताना चिकटल्यासारखी हळूहळू सुटत होती. दुसरं, शर्टाची बटणं लावायला सांगा आणि वेळ बघा, पूर्वीपेक्षा किती जास्त लागतो. तिसरं, डोळे मिटून हातात एक रुपया आणि पाच रुपयाचं नाणं द्या, ओळखता येतं का. चौथं, टाचेला पंजा लावत सरळ रेषेत दहा पावलं, शेजारी कुणीतरी उभं राहूनच, नाहीतर तपासणीच्या नादात पडायचे. पाचवं फक्त विचारायचं: मान पुढे वाकवली की पाठीतून करंट उतरतो का? मुद्दाम जोराने वाकवून बघू नका.

सही बदललीये का, भाजीवाल्याकडे सुटे पैसे हातातून पडतात का, जिना उतरताना कठडा धरायला लागलेत का, हे पण विचारा. बँकेने सही जुळत नाही म्हणून बाबांचा चेक परत केला होता, तो पण आम्ही बँकेला शिव्या घालून विसरलो.

यात दोन-तीन गोष्टी गडबड निघाल्या तर न्यूरो किंवा स्पाइनवाल्यांना दाखवा, आणि तोपर्यंत मानेला कुणालाही हात लावू देऊ नका. केस कापल्यावर न्हावी फुकटात मान कडकन मोडून देतो ते तर अजिबात नाही. मालिशवाल्यालाही मी आता हात जोडते.

पाचवी पायरी : कधी थांबायचं नाही

उद्या बघू, सोमवारी ओपीडी आहे, असं म्हणायचंच नाही अशा या गोष्टी. दोन्ही पायांतली ताकद काही तासांत किंवा दिवसांत कमी होणं. लघवी तुंबणं, किंवा झालेली कळत नाही असं होणं. कंबरदुखीसोबत बसायची जागा बधिर होणं, सायकलच्या सीटला जो भाग लागतो तो. तिथे घोड्याच्या शेपटीचा झुपका दबलेला असतो, आणि उशीर झाला तर लघवीचा ताबा कायमचा जाऊ शकतो. ताप, पाठदुखी आणि पायात कमजोरी असं तिन्ही एकत्र. कॅन्सर झालेल्या माणसाला नवीन पाठदुखी. यातलं काहीही असेल तर इमर्जन्सीला जा आणि लाज न बाळगता "लघवी होत नाहीये, खाली बधिर आहे" हे पहिल्याच वाक्यात सांगा. आपल्याकडे बायका तर ही गोष्ट शेवटी, पडद्याआड, हळूच सांगतात.

सहावी पायरी : पडलेल्या माणसाला कसं हलवायचं

ठाण्यात हे माहीत असायलाच पाहिजे. गोपाळकाल्याला वरच्या थरावरून मुलं पडतात, घोडबंदर रोडला खड्ड्यात बाइक जाते, लोकलच्या दारातून माणूस पडतो. आणि आपली पहिली प्रतिक्रिया काय, तर दोघांनी खांदे, दोघांनी पाय धरायचे आणि गठडीसारखा उचलून रिक्षात घालायचा. मोडलेला मणका तेवढ्यात कॉर्डवर सरकू शकतो. पडताना शाबूत असलेला कॉर्ड उचलताना जाऊ शकतो.

१०८ लावा. तोपर्यंत एकाने डोक्याशी गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी डोकं आहे त्याच स्थितीत धरून ठेवायचं, "मान हलवू नको" हे सांगत राहायचं. पाणी पाजायचं नाही, बसवून बघायचं नाही, "चालून दाखव" तर नाहीच. श्वासाला अडथळा नसेल तर हेल्मेट पण काढू नका. उलटी होत असेल किंवा गाडी अंगावर येणार अशी जागा असेल तर हलवावंच लागतं, तेव्हा डोकं, खांदे, कंबर, पाय चौघांनी धरून एका आवाजावर, ओंडका वळवतात तसं सगळं एकदम वळवायचं. हुकूम देणारा डोकं धरणारा असतो. रुग्णालयात कॉर्डवरचा दाब ऑपरेशनने काढायचा असेल तर तो लवकर, शक्यतो २४ तासांच्या आत काढलेला चांगला असं आता मानतात.

सातवी पायरी : आजार कुठले कुठले

बाबांना जे झालं ते म्हाताऱ्या माणसांत कॉर्डचं सगळ्यात जास्त दिसणारं दुखणं आहे. वयाने मानेतल्या डिस्क सुकतात, हाडाला टोकं फुटतात, हाडांना बांधून ठेवणारे आतले लिगामेंट जाड होतात आणि बोगदा अरुंद होतो. एरवी समोरून मागे साधारण १७ मिलीमीटर असणारी जागा १० च्या खाली गेली की कॉर्ड चेपतो. ऑपरेशन मुख्यतः पुढचं नुकसान थांबवायला असतं, गेलेलं थोडंफार परत येतं, सगळं येईलच असं नाही. म्हणून ते आठ महिने मला टोचतात.

आपल्याकडे दुसरं मोठं कारण म्हणजे मणक्याचा टीबी. पर्सिव्हल पॉट या इंग्लिश सर्जनने १७७९ मध्ये याचं वर्णन केलं म्हणून पॉट्स स्पाइन म्हणतात. जंतू रक्तातून मणक्यात येतो, हळूहळू हाड पोखरतो, पू साठतो, मणका बसतो आणि पाठीला कुबड येतं. रात्री वाढणारी पाठदुखी, संध्याकाळची कणकण, भूक नाही, वजन उतरलं, हे महिनोन् महिने चालतं आणि लोक पट्टा लावून ऑफिसला जात राहतात. खोकला असलाच पाहिजे असं नाही. औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात, कोर्स फुप्फुसाच्या टीबीपेक्षा लांब, साधारण वर्षभर किंवा जास्त, आणि बरं वाटलं म्हणून मध्येच सोडायचा नाही. फुप्फुसात टीबी नसेल तर नुसत्या मणक्याच्या टीबीने घरच्यांना लागण होत नाही, तेव्हा त्या माणसाचं ताट-वाटी वेगळी काढायचा आगाऊपणा करू नका.

तिसरं, शाकाहारी घरांत बघायचं ते बी-१२. ते बराच काळ कमी राहिलं तर कॉर्डमधली तीच "पाय कुठे आहे" सांगणारी लाइन खराब होते. डायबेटिसची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षं घेणारे आणि रोज सकाळी ॲसिडिटीची गोळी घेणारे यांनी तपासून घ्यावं. नुसत्या फॉलिक ॲसिडने रक्त सुधारतं, पण आतल्या आत नसांचं नुकसान चालू राहू शकतं. लवकर पकडलं तर इंजेक्शनने छान सुधारतं, मज्जारज्जूच्या आजारांत असं सोपं सुख फार कमी.

बाकी भराभर: कॉर्डला अचानक सूज येते ती ट्रान्सव्हर्स मायलायटिस, तरुण माणसालाही होते. गाठी होतात, रक्तपुरवठा बंद पडून झटका येतो. पोलिओ कॉर्डमधल्या हुकूम देणाऱ्या पेशीच मारायचा, भारताला पोलिओमुक्त २०१४ मध्ये जाहीर केलं. बाळाच्या पाठीला जन्मतः भोक राहतं तो स्पायना बायफिडा, त्यासाठी फॉलिक ॲसिड दिवस राहायच्या आधीपासून, रोज ४०० मायक्रोग्रॅम. दिवस गेल्याचं कळेपर्यंत तो भाग बनून गेलेला असतो.

आठवी पायरी : एमआरआय आणि तो रिपोर्ट

कुठल्या भागाचा करायचा हे डॉक्टरांनी तपासून ठरवू दे, पॅकेज स्वस्त आहे म्हणून कंबरेचा करून येऊ नका. सोबत संपूर्ण मणक्याचं स्क्रीनिंग होतं का तेवढं विचारा. एमआरआय मशीन म्हणजे मोठं चुंबक, तेव्हा पेसमेकर, जुना रॉड, डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला असेल तर आधी सांगा. बाबा वागळे इस्टेटला कारखान्यात लेथवर, लोखंड कातायच्या मशीनवर होते, तो प्रश्न त्यांना बरोबर लागू होता.

रिपोर्ट वाचताना "डिस्क बल्ज" ला घाबरायचं नाही, काही त्रास नसलेल्या भरपूर लोकांत तो असतो. "कॉर्ड कॉम्प्रेशन" (कॉर्ड दबलाय) आणि "कॉर्ड सिग्नल चेंज" (कॉर्डच्या आत इजेची खूण) हे शब्द आले की मात्र त्याच आठवड्यात स्पाइनवाल्यांकडे.

नववी पायरी : घरी आल्यावर

ज्यांच्या घरी पाय गेलेला माणूस आहे त्यांच्यासाठी हे सगळ्यात महत्त्वाचं. बिछान्यावर दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्री पण, मोबाइलला अलार्म लावा. रोज मोबाइलच्या टॉर्चने माकडहाड, टाचा, खुबे बघा, लाली दाबून जात नसेल तर जखमेची ती सुरुवात आहे. व्हीलचेअरवर दर १५ ते ३० मिनिटांनी वजन सरकवायचं. गरम पाण्याची पिशवी पायाला लावू नका, भाजलेलं त्यांना कळणारच नाही. लघवीसाठी कायमच्या नळीपेक्षा दर चार ते सहा तासांनी स्वच्छ नळी घालून काढणं बहुतेकांना जास्त चांगलं, शिकवून घ्या, आठवडाभरात हात बसतो.

आणि दुखापत डी-६ किंवा त्याच्या वर असेल तर एक धोका पाठच करा. अचानक डोकं फुटल्यासारखं दुखणं, चेहरा लाल, घाम, बीपी चढलेलं. खालून काहीतरी टोचतंय आणि शरीर वेडंवाकडं उत्तर देतंय. लगेच बसतं करा, पाय खाली सोडा, पट्टा-कपडे सैल करा, नळी पिळली गेलीये का बघा, मग शौच अडकलाय का. उतरलं नाही तर सरळ हॉस्पिटल.

पूर्वी असे पेशंट थोड्याच दिवसांचे सोबती धरायचे. जखमा आणि लघवीच्या इन्फेक्शननेच जायचे. १९४४ मध्ये इंग्लंडच्या स्टोक मँडव्हिलला डॉ. लुडविग गुटमन यांनी हीच कूस बदलणं, लघवी सांभाळणं अशी कामं शिस्तीने लावली, मग त्यांना खेळायला लावलं, त्यातून पॅरालिम्पिक आलं. आणि सांगलीकडचे आपले मुरलीकांत पेटकर, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कंबरेखालची ताकद गेली, त्यांनी १९७२ ला हायडेलबर्गला ५० मीटर पोहण्यात सुवर्ण आणलं, भारताचं पॅरालिम्पिकमधलं पहिलं. हे नाव बाबांना फिजिओच्या पहिल्या आठवड्यात मी इतक्यांदा ऐकवलं की ते म्हणाले, "अगं पण मला पोहता येत नाही."

यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा, ऑनलाइन अर्ज लवकर भरून टाका. प्रवासातल्या आणि इतर सवलतींसाठी ते लागतं आणि तपासणीची तारीख मिळायला वेळ जातो. सोबत एमआरआयच्या फिल्म, डिस्चार्ज कार्ड, आधार, फोटो, आणि एक जण रांगेत उभा राहायला.

ऑपरेशनला आता सव्वा वर्ष झालं. मूठ दहा सेकंदांत सोळा वेळा होते. वरची दोन बटणं अजून आई लावते. चपलेला मागून पट्टा शिवून घेतलाय, गोखले रोडच्या चांभाराने वीस रुपये घेतले.